बाईचं पुस्तक कोणत्या दुकानात मिळतं?

राजूरच्या बाजारात बायकांसाठी पुस्तक मिळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मिळतं. चतुर्थीला, अंगारकीला गणपतीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हार, नारळ, पेढे यांच्या दुकानांत आरतीसंग्रह आणि पोथ्यांच्या शेजारी रंगीत मुखपृष्ठाच्या पातळ पुस्तिका मांडलेल्या असतात. वैभवलक्ष्मी व्रत, सोळा सोमवार, संतोषीमाता, मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मी. अक्षर मोठं, पानं थोडी, किंमत चहा-फराळाइतकी. घेणाऱ्या बहुतेक बायकाच. आणि वैभवलक्ष्मीच्या पुस्तिकेत तर असंही सांगितलेलं असतं की उद्यापनाच्या दिवशी याच पुस्तिकेच्या सात, अकरा किंवा जास्त प्रती दुसऱ्या बायकांना वाटा.

मित्रांनो, ही यंत्रणा नीट समजून घ्या. इथे छापणारा आहे, विकणारा आहे, वाचणारी आहे आणि फुकट वितरण करणारीही तीच आहे. कोणत्याही मोठ्या प्रकाशकाला जमलं नाही ते या व्रताच्या पुस्तिकांनी करून दाखवलं. खेड्यातल्या, जेमतेम चौथी शिकलेल्या बाईच्या हातात पुस्तक दिलं. पण कोणतं पुस्तक? घरात दारिद्र्य आलं तर सरकारी धोरणाला, सावकाराला, नवऱ्याच्या दारूला जाब विचारायचा नाही, उपास धरायचा, असं शिकवणारं. व्रत मोडणाऱ्या बाईवर संकट कोसळतं, असं घाबरवणारं.

मग प्रश्न आपल्याकडे येतो. या पुस्तिकेच्या शेजारी ठेवायला आपल्याकडे काय आहे? आणि असेल तर ते ठेवणारं दुकान कुठे आहे? जगभरच्या स्त्री-चळवळींनी हा प्रश्न ओळखला आणि आपली पुस्तकांची दुकानं काढली. आंबेडकरी चळवळीनेही दुकान काढलं, फार मोठं काढलं. पण त्या दुकानात बाईची जागा कोणती, हे आपण अजून प्रामाणिकपणे विचारलेलं नाही. या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: पुस्तक लिहून होत नाही, ते पोचवणारी जागा हातात असावी लागते. ती नसली तर बाईचं पुस्तक मरतं. इतिहास याला साक्षी आहे.

ताराबाईंच्या पुस्तकाचे 93 वर्षांचे मरण

लांब जायची गरज नाही. आपल्या जालना जिल्ह्याला लागून बुलढाणा जिल्हा आहे. तिथल्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. पण या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं. प्रती 500, किंमत नऊ आणे.

जे दोष बाईचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा साधा प्रश्न. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही आणि मग तिचं पाऊल घसरलं म्हणून तिलाच फासावर चढवायचं, हा कोणता न्याय? पोथ्या-पुराणांतले देव आणि ऋषी कसे वागले, हेही त्यांनी भीड न ठेवता विचारलं. व्रतकथेच्या मुळावर घाव घालणारं हे पुस्तक याच परिसरातल्या एका मराठा बाईने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलं, हे आपल्या किती मुलींना माहीत आहे?

पुढे काय झालं? पुस्तकावर टीकेची झोड उठली. सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही टीका झाली. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. 1885 च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची आणि पंडिता रमाबाईंची पाठराखण केली आणि आपल्याच सहकाऱ्याचे कान उपटले. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. आणि पहिलं पुस्तकही नाहीसं झालं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. हे तेच मालशे, ज्यांनी धनंजय कीरांबरोबर महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं. 1882 ते 1975 म्हणजे 93 वर्षं.

हे पुस्तक कुणी जाळलं नव्हतं, त्यावर बंदीही नव्हती. मग ते गेलं कुठे? ते पोचवणारी माणसं आणि जागा नव्हती, म्हणून गेलं. नऊ आणे ही किंमत रोजंदारीवरच्या बाईच्या आवाक्यातली नव्हती. वाचता येणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या. त्या काळी बुलढाणा इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात होतं आणि आपलं राजूर-भोकरदन निजामाच्या राज्यात, जिथे सरकारदरबारी मराठीला जागा नव्हती. पुण्यात छापलेलं पुस्तक राजूरला यायचं कसं? पोथी मात्र येत होती. तिला भटजी होता, यात्रा होती, देऊळ होतं. ताराबाईंच्या पुस्तकाला यातलं काहीच नव्हतं.

मुक्ता साळवेंचं उदाहरण ताराबाईंच्याही आधीचं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनऱ्यांचं पत्र. अस्पृश्य मुलीच्या धर्मचिकित्सेला जागा मिळाली ती तिथे. आज या निबंधाला आपण दलित स्त्री-लेखनाचा पाया मानतो. पण पायावर भिंत चढायला शंभर-सव्वाशे वर्षं गेली, याचा विचार करा. लिहिणाऱ्या नव्हत्या असं नाही. त्यांचं लिहिणं पुढच्या पिढीच्या हातात देणारा कुणी नव्हता.

1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. जात टिकते ती बाईवरच्या ताब्यातून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही जातीबाहेर लग्न होऊ न देण्याची साधनं आहेत, हे त्यांनी त्यात मांडलं. विधवेच्या प्रश्नाला ताराबाईंनी 1882 मध्ये हात घातला, त्याच प्रश्नाची जातीशी असलेली गाठ बाबासाहेबांनी 34 वर्षांनी सोडवून दाखवली. हे दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचलं असतं तर महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीचा आणि जाति-अंताच्या चळवळीचा रस्ता कदाचित इतका वेगवेगळा झाला नसता. पण त्यांची गाठ घालून देणारं दुकान मध्ये नव्हतं.

बायकांनी दुकानं काढली तेव्हा

1970 साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात काही बायकांनी एका घराच्या ओसरीवर पुस्तकं मांडली. दुकानाला नाव दिलं ‘अ‍ॅमेझॉन’, प्राचीन कथांतल्या लढवय्या स्त्रियांचं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात अशी कितीतरी दुकानं उभी राहिली. अटलांटात 1974 साली ‘चॅरिस’ सुरू झालं, ते आजही चालू आहे. लंडनमध्ये ‘सिस्टरराइट’ आणि ‘सिल्व्हर मून’ होती. आपल्याकडे 1980 च्या दशकात बंगळूरच्या ‘विमोचना’ या संघटनेने ‘स्त्रीलेखा’ नावाचं दुकान चालवलं. दिल्लीत 1984 साली ‘काली फॉर विमेन’ ही प्रकाशनसंस्था निघाली.

या दुकानांचं वैशिष्ट्य काय होतं? तिथे पुस्तक विकणं हा कामाचा एक भाग होता. भिंतीवर मोर्चाची आणि बैठकीची पत्रकं लागत. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला वकिलाचा पत्ता तिथे मिळे. ज्या विषयाचं नाव घ्यायलाही घरात चोरी, त्या विषयाचं पुस्तक तिथे उघडपणे चाळता येई. मोठ्या दुकानदारांनी जी पुस्तकं ‘खपत नाहीत’ म्हणून परत पाठवली, ती या बायकांनी वर्षानुवर्षं फळीवर ठेवली. कोणतं पुस्तक फळीवर राहणार हे ठरवण्याचा अधिकार बायकांच्या हातात आला, हा खरा फरक.

पण या चळवळीतही आपल्या ओळखीचा एक प्रश्न होता. बाईच्या नावाने बोलणारी बहुतेक माणसं गोरी आणि मध्यमवर्गीय होती. काळ्या बायकांचं लिहिणं त्यांच्या सोयीने छापलं जाई. म्हणून 1980 साली बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘किचन टेबल’ नावाचं स्वतःचं प्रकाशन सुरू केलं. ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हा काळ्या आणि इतर वंचित वंशांच्या बायकांच्या लेखनाचा संग्रह 1981 साली गोऱ्या स्त्रीवाद्यांच्या एका प्रकाशनाने काढला होता. ते प्रकाशन बंद पडलं. पुस्तकही त्याच्याबरोबर गेलं असतं. 1983 साली ‘किचन टेबल’ने त्याची नवी आवृत्ती काढली म्हणून ते जगलं.

हीच गोष्ट महाराष्ट्रात घडलेली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास गोळा केला. म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे ते पुस्तक 1989 साली मुंबईच्या ‘स्त्री उवाच’ या स्त्रीवादी प्रकाशनाने काढलं. पुढची आवृत्ती पुण्याच्या ‘सुगावा प्रकाशन’ने काढली, म्हणजे विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी. स्त्री-चळवळीच्या प्रकाशनाने ते पुस्तक जन्माला घातलं आणि परिवर्तनवादी चळवळीच्या प्रकाशनाने ते पुढे नेलं. दोघांचे उपकार आहेत. पण धडा हा की चळवळीचं पुस्तक शेवटी चळवळीच्या दुकानातच टिकतं.

अमेरिकेतली ती दुकानं पुढे एकामागून एक बंद पडली. मोठ्या साखळी दुकानांची सवलत, वाढतं भाडं, मग इंटरनेटवरची विक्री. ‘अ‍ॅमेझॉन’ हे बायकांच्या दुकानाचं नावसुद्धा एका महाकाय कंपनीने घेतलं. बायकांनी 1999 साली कोर्टात दावा लावला, तडजोड झाली. शेवटी 2012 साली ते दुकानही बंद झालं.

आपलं दुकान जमिनीवर आहे

आपल्या दुकानाला भाडं नाही, काचेचं कपाट नाही. जमिनीवर चादर अंथरली, त्यावर पुस्तकं मांडली, झालं दुकान. 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला, महाडला, आणि आपल्या मराठवाड्याच्या माणसांसाठी 14 जानेवारीला नामविस्तार दिनी औरंगाबादच्या विद्यापीठ गेटवर. ज्या नावासाठी 1978 पासून 1994 पर्यंत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, त्या नावाच्या कमानीखाली माणसं येतात, वंदन करतात आणि पुस्तक घेऊन घरी जातात.

शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या खंडांसाठी लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. घरात टीव्ही नसेल, पण खंड असतो. राजगृहाच्या ग्रंथसंग्रहासाठी घर बांधणाऱ्या माणसाची ही लेकरं आहेत. शर्मिला रेगे यांनी चैत्यभूमीवरच्या या पुस्तिकांकडे आणि भीमगीतांकडे ज्ञानाची परंपरा म्हणून पाहिलं. विद्यापीठातले पंडित ज्याला व्यक्तिपूजा म्हणून हिणवत होते, तिथे लोक स्वतःचा इतिहास स्वतः छापत, विकत आणि वाचत होते. पंढरपूरच्या वारीची महती सांगणाऱ्यांनी या दुसऱ्या वारीकडे कधी नीट पाहिलंच नाही.

या जमिनीवरच्या दुकानाची ताकद सत्तेला बरोबर कळते. 2006 साली चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दिल्लीच्या ‘दानिश बुक्स’चा स्टॉल लागला होता. तो चालवणारी बाई होती. पोलिसांनी स्टॉलवर धाड घातली, पुस्तकं जप्त केली, तिची चौकशी केली. जप्त केलेल्यांत भगतसिंगांसंबंधीची पुस्तकंही होती. ज्या मैदानावर बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा दिली, तिथे एका बाईने पुस्तकं विकणं हा संशयाचा विषय झाला. पोथीच्या दुकानावर धाड पडल्याचं तुम्ही ऐकलं आहे काय?

पण त्या चादरीवर बाई कुठे आहे?

आता आपल्या घरातला प्रश्न. पुढच्या वेळी विद्यापीठ गेटवर गेलात तर एक काम करा. कोणत्याही स्टॉलसमोर उभे राहा आणि मुखपृष्ठं पाहा. बाई दिसेल. रमाई दिसेल, सावित्री दिसेल, जिजाऊ दिसेल, यशोधरा दिसेल. मग लेखकाचं नाव वाचा. त्यात बाई किती आहेत ते स्वतः मोजा. मुखपृष्ठावर बाई आणि आत लिहिणारा पुरुष, असंच बहुतेक ठिकाणी सापडेल. आणि त्या पुस्तिकांत रमाईबद्दल काय लिहिलेलं असतं? तिचा त्याग, तिचं सोसणं, तिची पतिनिष्ठा. रमाईचे कष्ट डोंगराएवढे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण फक्त सोसण्याचंच कौतुक करणारी पुस्तिका आणि उपासाचं कौतुक करणारी पुस्तिका, यांच्यात मुलीला मिळणारा धडा किती वेगळा आहे, हे एकदा विचारून बघा.

बाबासाहेबांच्या चळवळीतली बाई केवळ सोसणारी नव्हती. 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बायका आल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वाला बंदी हवी, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या नऊ वर्षं आधी दलित बायका हे मागत होत्या. या परिषदेतल्या बायकांचा इतिहास पुस्तकरूपाने यायला 1989 उजाडावं लागलं, म्हणजे 47 वर्षं. ताराबाईंची 93 वर्षं ब्राह्मणी व्यवस्थेच्या खात्यावर लिहिता येतील. ही 47 वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवी. त्या किराणा दुकानात बसायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीच्या कागदावर जे छापलेलं असेल ते वाचायच्या. मग ग्रंथालयातून पुस्तकं आणू लागल्या. लिहू लागल्या, आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांपासून लपवून ठेवल्या, जवळजवळ वीस वर्षं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते लेखन कळलं, 1982 पासून ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः छापून आलं आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात बेबीताईंनी सवर्णांचा जुलूम लिहिला, तसा घरातल्या पुरुषांचा मारही लिहिला. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरातही बाईला वही लपवावी लागते, याचा अर्थ काय, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ 1981 चं. मुक्ता सर्वगोड यांचं ‘मिटलेली कवाडे’ 1983 चं. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ 1986 चं, ज्यावर दूरदर्शनवर ‘नाजुका’ मालिका आली. शांताबाई दाणी यांचं ‘रात्रंदिन आम्हा’ 1990 चं. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ 2003 चं. ही आपली खरी फळी आहे. इंग्रजीत यांतल्या काही पुस्तकांची भाषांतरं झाली, परदेशी विद्यापीठांत ती शिकवली जातात. आणि आपल्या तालुक्यातल्या भीमजयंतीच्या स्टॉलवर त्यांतली किती मिळतात?

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप: स्त्रीवाद हा सवर्ण बायकांचा विषय आहे, आपल्या चळवळीत फूट पाडायला आणलेला. याला उत्तर वर दिलेल्या तारखाच आहेत. 1855 साली लिहिणारी मुक्ता मातंग होती. 1942 साली ठराव करणाऱ्या बायका दलित होत्या. सवर्ण स्त्री-चळवळीने जातीकडे पाठ फिरवली हे खरं आहे, आणि म्हणूनच 1990 च्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या, 25 डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. शर्मिला रेगे यांनी तर पुढे जाऊन सांगितलं की बाबासाहेबांचं लेखन हेच स्त्रीवादाचं मूलभूत लेखन म्हणून वाचा. स्त्रीवाद आपल्यावर लादला गेलेला नाही. तो आपल्या घरातून उचलून नेला गेला, आणि आपण तो परत मागितला नाही.

दुसरा आक्षेप: आता सगळं मोबाईलवर आहे, पीडीएफ पाठवली की झालं. पण घरातला मोबाईल कुणाच्या हातात असतो? सासू, नवरा, दीर यांनी मोबाईल बघायला मागितला की बाईला द्यावा लागतो. पुस्तक उशीखाली राहतं, शेजारणीला देता येतं, मुलीच्या दप्तरात घालता येतं. आणि गटावर आलेली पीडीएफ कुणी वाचली का, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. स्टॉलवर बाई उभी राहते, पुस्तक चाळते, दोन प्रश्न विचारते. तिथेच चळवळ सुरू होते.

तिसरा आक्षेप: पुस्तकं महाग आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि उपाय त्यातच आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. मुक्ता साळवेंचा निबंध आणि ताराबाईंचं पुस्तक कुणीही छापू शकतं. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन 2017 पासून मुक्त झालं आहे. भाषांतरांचे हक्क वेगळे असतात, तिथे परवानगी घ्या किंवा आपल्या शिकलेल्या मुलामुलींकडून नवीन भाषांतर करून घ्या. मुक्ताच्या निबंधाची पुस्तिका होईल सोळा-वीस पानांची. तिची किंमत व्रताच्या पुस्तिकेपेक्षा जास्त होण्याचं काहीच कारण नाही.

काय करायचं?

भीमजयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा पुस्तिका छापायला बाजूला काढायचा, आणि तो ठराव समितीच्या वहीत लिहायचा. तोंडी ठेवलं तर डीजेचं बिल आधी जातं.

स्टॉलच्या गल्ल्यावर बाई बसवायची. नुसती चहा आणून देणारी म्हणून नाही, तर कोणती पुस्तकं मागवायची हे ठरवणारी म्हणून. पुरुष बसलेला असतो तिथे बाई लांबून मुखपृष्ठ बघते आणि पुढे जाते. ओळखीची ताई बसलेली असली की थांबते, विचारते.

स्टॉल फक्त जयंतीला नको. आठवडी बाजारात लावायचा. दादरला किंवा नागपूरला जायला बाईला घरून सोबत लागते, परवानगी लागते. आठवडी बाजाराला ती स्वतः येते आणि तिच्या हातात पैसेही असतात. राजूर, भोकरदन, जाफराबाद, तिथे पुस्तकं भाजीच्या पाटीशेजारी मांडली पाहिजेत.

व्रताच्या पुस्तिकेकडून एक गोष्ट उचलायची. वाचून झालं की पाच प्रती दुसऱ्यांना द्यायच्या. 3 जानेवारीला, 8 मार्चला, 25 डिसेंबरला, बौद्ध पद्धतीच्या लग्नात, बारशाला. ताटं-वाट्यांचा आहेर किती दिवस करणार?

आणि एक वही ठेवायची. कोणत्या बाईने कोणतं पुस्तक मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते त्यात लिहायचं. वर्षभराने ती वही उघडली की पुढच्या वर्षी काय छापायचं ते आपल्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

बेबीताईंना वही लपवावी लागली. आज आपल्या वस्तीत वही लपवणारी कुणी नाही, असं छातीवर हात ठेवून कोण सांगू शकेल? तिचं लिहिलेलं छापणारा छापखाना आणि ते विकणारा स्टॉल आपलाच असेल, हे तिला आज कळलं पाहिजे. त्यासाठी आणखी 47 वर्षं थांबायची आपली तयारी नसली पाहिजे.

जय भीम! जय सावित्री!